उचल गा

१७ जाने., शनि.

हरलो. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर, दोन-शून्य. आपली फुटबॉल टीम, नागनदी एफसी. नाव नदीचं अन् खेळ नाल्याचा.

घसा पार गेला. घरी आली तर ह्यांनी न बोलता मिठाचं कोमट पाणी समोर ठेवलं अन् वरून एक नजर टाकली. पन्नाशी उलटलेली बाई, लेकाचं लग्न तोंडावर, अन् शनिवारी गॅलरीत उभी राहून बोंबलते, असा त्या नजरेचा अर्थ. मी बी उलटून बोलली असती, पण आवाजच नव्हता.

दोन्ही गोल एकसारखे. आपला गोली प्रफुल चेंडू लांब मारते, त्यांचा तो उंच डिफेंडर डोक्यानं परत पाठवते, अन् आपले लोक लग्नातल्या वऱ्हाड्यासारखे उभे राहून पाहते. ह्या मोसमातला हा तिसरा कोच. हा कोल्हापूरचा, इंगवले सर. हा काय दिवे लावते पाहू.

उद्या बाजूच्या वहिनींकडे हळदीकुंकू. ह्या आवाजात उखाणा कसा घेऊ.

१९ जाने., सोम.

पेपरात मालकाची मुलाखत. टीम खालच्या लीगमध्ये गेली तर पुढच्या मोसमापासून नागपुरात नाही, दुसऱ्या राज्यात मैदान पाहून ठेवलं आहे म्हणे. किती सहज बोलला. दुकानाचं शटर ओढून दुसऱ्या गल्लीत उघडायचं असल्यासारखा.

दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं. बसस्टँडच्या चौकशी खिडकीवर बसून एका बाबाजीले मौद्याच्या गाडीऐवजी उमरेडची सांगतली. तो परत येऊन भांडला. बरोबरच होतं त्याचं.

संध्याकाळी भगतभाऊ आले. ऑटो चालवते, अन् शनिवारी गॅलरीत ढोल वाजवते. चहावर आम्ही दोघांनी टीम मोडून नवी बांधली. माझं मत: दोन्ही फॉरवर्ड घरी पाठवा, त्यायले पळायचा कंटाळा येते. मधात एक ताकदीचा माणूस आणा. कॅप्टन बदला. भ.भाऊंचं मत: मालकच बदला. हे आतून पेपरामागून म्हणाले, "गॅलरीत बसणारे बदलता येते का पाहा." आम्ही लक्ष दिलं नाही.

टीम गेली तर माझं काय जाते, हे ह्यायले नाही समजणार. लहानपणी माय म्हणे, पोरीच्या जातीनं हळू बोलावं. सासरी आली तर सासूबाई तेच. ऑफिसात साहेब म्हणते, मॅडम, माइक बंद केला तरी चालेल. उभ्या नागपुरात एकच जागा आहे जिथं लोक वळून म्हणते, काकू, आवाज द्या. ती बी जाणार.

२४ जाने., शनि.

बाहेरची मॅच, फोनवर पाहिली. एक-शून्य हरलो. चेंडू लांब, चेंडू परत, गोल. आता लीगमध्ये खालून दुसरे.

२९ जाने., गुरु.

लिहावं की नाही कळून नाही राहिलं. लिहिते.

गॅलरीतल्या जुन्या लोकायले इंगवले सरांनी बुटीबोरीले सरावावर बोलावलं होतं. शिव्या देण्याआधी आमचं काम तर बघून जावा म्हणे. मी रजा टाकली, भ.भाऊंच्या ऑटोत गेलो. मालकाच्या मिलच्या मागचं मैदान, जाळीचं कुंपण, बाजूले सूत वाळत टाकलेलं. बाकी कोणी आलंच नाही, आम्ही दोघंच.

पाहून डोळे फाटले. प्रफुल चेंडू लांब मारतच नव्हता. पायानं बाजूच्या डिफेंडरले, तो परत ह्याले, हा तिसऱ्याले. हळदीकुंकवात वाण हातोहात पुढं जाते तसा चेंडू जाऊन राहिला होता. समोरचे धावून धावून दमले. हाच का आपला प्रफुल, जो शनिवारी चेंडू पाहून घाबरते?

मग एक फॉरवर्ड सुसाट त्याच्या अंगावर आला. प्रफुलच्या पायात चेंडू, मागं गोल. अन् माझ्या तोंडातून गेलं.

"उचल गा!"

उचलला त्यानं. असा उचलला की मिलच्या भिंतीपलीकडं गेला.

सगळे थांबले. प्रफुलनं माझ्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली. सर शिट्टी वाजवून कुंपणापाशी आले. रागावले नव्हते, तेच वाईट. म्हणाले, काकू, परत एकदा वरडा. मले वाटलं थट्टा करून राहिले. मग त्यांनी प्रफुलले हाक मारून बजावलं, कायबी झालं तरी लांब मारायचं न्हाई. परत तेच, फॉरवर्ड धावला, सरांनी मले हात केला, मी ओरडली. प्रफुलनं परत उचलला. सांगून, बजावून, पंधरा पावलांवर कोच उभा असताना.

सर म्हणाले, "तुमचा आवाज पोराच्या पायात शिरलाय बघा, काकू. माझा कानापर्यंत बी जाईना. मॅचला तेवढं गप बसा."

परतीच्या रस्त्यात भ.भाऊंनी ऑटोतला रेडिओ मोठा केला.

३० जाने., शुक्र.

राग. अजून उतरून नाही राहिला.

मी काय चुकीचं शिकवलं? बाबांसोबत जिथं मॅच पाहिल्या त्या मैदानात गोटे होते. बाबा म्हणत, गोलसमोर चेंडू म्हणजे पेटलेला फटाका, पहिले फेक, मग विचार कर. प्रफुल कुहीचा, धान कापल्यावर रिकाम्या बांधीत खेळून मोठा झाला. तिथं चेंडू कुठं उसळेल देव जाणे. उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून तर पहिल्या मॅचपासून त्याचं माझं जमलं. मी उचल म्हटलं की तो उचले, अन् गॅलरी टाळ्या वाजवे. आता मैदान गालिच्यासारखं झालं, यात माझा काय दोष?

अन् कोल्हापूरहून कालपरवा आलेला माणूस मले सांगते गप बसा. गप बसायलेच जायचं तर देवळात जाईन.

ह्यायले सांगतलं. वाटलं हसतील. नाही हसले. "मग बरोबर आहे त्याचं," एवढंच म्हणाले. मी भाजी तशीच टाकून आत गेली.

३१ जाने., शनि.

ठरवून गेली होती. पदर तोंडाशी धरून बसली. पहिला हाफ निभला, प्रफुल पलीकडच्या गोलात होता.

दुसऱ्या हाफमध्ये तो आपल्या गॅलरीसमोर. एक-एक बरोबरी. चेंडू त्याच्या पायात, त्यानं बाजूले पाहिलं, डिफेंडर मोकळा होता. मले दिसून राहिला होता मोकळा. समोरून त्यांचा माणूस धावला. अन् मी उभी. पदर कुठं गेला कोण जाणे. उचल गा.

मागून साऱ्या गॅलरीनं धरलं, ढोल बी वाजला. त्यानं घाईत उचलला, नीट लागला नाही, मैदानाच्या मधात त्यांच्याच पायाशी पडला. तिथून गोल.

मग लोक सुटले प्रफुलवर. त्याच्या मायले काय, बहिणीले काय. पाण्याचे पाऊच फेकले. एक त्याच्या पाठीवर फुटला. त्यानं वळून पाहिलं नाही. पाऊच फेकणारा माझ्या बाजूलेच होता, मले म्हणे, काकू, ह्या गोलीले पहिले हाकला, मग टीम सुधारते.

तिथं बोलायले पाहिजे होतं, अन् तिथंच आवाज नव्हता.

३ फेब्रु., मंगळ.

शनिवारी जायचं नाही. भ.भाऊंले फोनवर कळवलं, तब्येत बरी नाही. खोटंच, न रोग न राई.

७ फेब्रु., शनि.

घरी. ह्यांनी आपणहून फोन टीव्हीले जोडून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं शनिवारी मॅच पाहत बसलो. ह्यायले ऑफसाइड सांगतलं. समजलं नाही, पण मान हलवली.

मी नव्हती तर काही फरक पडेल असं वाटलं होतं. काय फरक पडते? प्रफुलच्या पायात चेंडू आला अन् टीव्हीतून आवाज आला. उचल गा. शेकडो गळे. माझीच चाल, माझाच हेल, 'गा' तसाच लांबवलेला, अन् मी सोफ्यावर. अंगावर काटा आला. आधी अभिमानाचा, मग भीतीचा. हे आता मी थांबली तरी थांबत नाही.

उचलला त्यानं. गोल नाही झाला, नशीब. शून्य-शून्य.

मॅच संपल्यावर मी भांडे घासत होती. हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "चार दिवस झाले, घरात आवाज नाही. काही बोल ना वं."

तीस वर्षं हळू बोल म्हणणारा माणूस. मले रडू आलं. नळ मोठा केला.

८ फेब्रु., रवि.

भ.भाऊंले बोलावलं. तर्रीपोहे केले, म्हणजे नाही म्हणताना जड जाईल. बुटीबोरीत काय पाहिलं ते त्यायलेबी माहीत, मलेबी. आजवर दोघांनी तो विषय काढला नव्हता.

मी म्हटलं, भाऊ, टीम बांधायची म्हणून आपण मालकापासून फॉरवर्डपर्यंत सारे बदलले, पण हे म्हणाले ते खरं आहे, बसणारे तसेच राहिले. प्रफुलकडं चेंडू आला की गॅलरी गप पाहिजे. माणसामाणसाले समजावणं शक्य नाही. पण तुमचा ढोल थांबला तर लोक थांबतील.

ते पोहे खायचे थांबले. "चालू मॅचमध्ये ढोल बंद? काकू, मयत झाली का कोणाची?"

लय वाद झाला. त्यांचं म्हणणं, गॅलरी म्हणजे आवाज, आवाज काढला तर मंगल कार्यालयात अन् गॅलरीत काय फरक. म्हणणं खोटं नाही. शेवटी म्हणाले, एक शनिवार. तुमच्या शब्दावर. निघताना दारात म्हणाले, अर्ध्या गॅलरीच्या तोंडात तसाही तंबाखूचा खर्रा असते, त्यायचा प्रश्न नाही. उरलेल्यायचं पाहू.

१४ फेब्रु., शनि.

गेली. पदर नाही, काही नाही. गेटवरून संत्री घेतली, मॅचआधी ओळीओळीतून फिरली. प्रत्येकाच्या हातात संत्रं देऊन एकच सांगतलं, प्रफुलच्या पायात चेंडू आला की फोड तोंडात. काही हसले. एक म्हातारे बुवा म्हणे, काकू, तुम्ही सांगून राहिल्या? तुम्ही?

पहिल्यांदा झालं तेव्हा ढोल थांबला. लोक गोंधळले. मागून कोणीतरी 'उच' म्हटलं, तिथंच विरलं. मग असं शांत झालं की प्रफुलच्या बुटाचा चेंडूले लागलेला आवाज वर आला. मी कधी ऐकलाच नव्हता तो आवाज.

त्यानं मान वर केली. गॅलरीकडं पाहिलं, काय झालं म्हणून. मग बाजूले दिला. तिथून मधात, मधातून पुढं. जमिनीवरून जमिनीवरून चेंडू गेला तो थेट त्यांच्या बॉक्समध्ये. ज्या फॉरवर्डले मी घरी पाठवून राहिली होती, त्यानंच मारला.

एक-शून्य. जिंकलो. भ.भाऊंनी ढोल असा बडवला की एक बाजू फाटली.

१५ फेब्रु., रवि.

सारे खुश. सकाळपासून फोन. अन् मले कसंसंच वाटून राहिलं. टीम जिंकली, घसा ठणठणीत, जसा काही कालचा शनिवार झालाच नाही. हे असं वाटणं बरं नाही, पण वाटते.

२१ फेब्रु., शनि.

बाहेरची मॅच. बरोबरी. प्रफुल लहान पास देऊन राहिला. मागच्या शनिवारी जिंकून खालून तिसरे झालो होतो, आज परत दुसरे, कारण दुसरीकडचा निकाल उलटा लागला.

२८ फेब्रु., शनि.

हरलो. अन् माझ्यामुळं हरलो असं अर्धी गॅलरी म्हणून राहिली.

सगळे गप होते. एकदम गप. प्रफुलनं मान वर केली, बाजूले दिला, अन् पास तोकडा पडला. त्यांचा माणूस मधात शिरला. रिकामा गोल.

तो पाऊचवाला उभा राहिला. सगळ्यायले ऐकू जाईल असा म्हणे, ह्या बाईनं गॅलरी मुकी केली. कोचनं शिकवून पाठवली आहे. उचलला असता तर गोल झाला नसता. खरं आहे, त्या वेळी उचलला असता तर झाला नसता.

काही लोकांनी मी आज वाटलेली संत्री माझ्या पायाशी ठेवली अन् वरच्या ओळीत जाऊन बसले. फेकली नाही, ठेवली. ते जास्त लागलं. भ.भाऊ हलले नाहीत, पण त्यांनी बी माझ्याकडं पाहिलं नाही.

मग वरच्या ओळीतून सुरू झालं. उचल गा, उचल गा. शेवटपर्यंत. प्रफुलनं मग प्रत्येक चेंडू उचलला.

शेवटची एक मॅच उरली. घरची. बरोबरी झाली तरी राहतो. हरलो तर खाली, अन् मग मालकाचं ते दुसरं मैदान.

२ मार्च, सोम.

खिडकीवर दुपारी गर्दी कमी होती. "कुहीची गाडी किती वाजता लागते?" मान वर न करता सांगतलं. माणूस हलला नाही. पाहिलं तर प्रफुल. तोंडाले रुमाल बांधलेला, कोणी ओळखू नये म्हणून. दोन दिवस सुट्टी होती, घरी चालला होता.

मी म्हटलं, थांब. कँटीनमधून दोन चहा आणवले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. दिसायले लहानच आहे. काय बोलावं ते सुचेना, मी, जिले दिवसभर बोलायचा पगार मिळते.

त्यानंच काढलं. शनिवारचा पास त्याचा चुकला, गवतात पाय अडकला, त्यात तुमचा काही संबंध नाही, म्हणे. मी म्हटलं, अन् ३१ तारखेचा? तो हसला फक्त.

मग मी विचारलं तेच, जे विचारायची भीती वाटत होती. शनिवारी मी येऊ का नको. त्या दिवशी मी नव्हती तेव्हाही उचललाच ना तू.

त्यानं कप खाली ठेवला. "तुम्ही नव्हत्या म्हणूनच उचलला, काकू. जागेवर दिसल्या नाही तर वाटते कुठून तरी आवाज येईल. सारी मॅच मी तेच ऐकत राहतो."

"मग?"

"या. मले दिसाल अशा बसा. अन् गप राहा. तुम्ही गप आहे हे दिसलं की बाकीचे किती बी ओरडू द्या, मले फरक नाही पडत."

गाडी लागली. रुमाल बांधून गेला. कप मी धुतले.

४ मार्च, बुध.

ह्यायले सांगतलं प्रफुल काय म्हणाला ते. विचारलं, राहीन का मी गप? खोटं बोलायची सवय नाही ह्यायले. म्हणाले, हात कामात असला की तू गप राहते, स्वेटर विणताना पाहिलं आहे. मार्चात स्वेटर कुठून आणू? तर टेबलावरच्या ह्या वहीकडं बोट दाखवलं.

शनिवारी ते बी येतो म्हणाले. उन्हाची टोपी काढून ठेवली त्यांची.

७ मार्च, शनि., गॅलरी

वही मांडीवर. पहिली ओळ, गोलच्या बरोबर मागं. ऊन तोंडावर. हे बाजूले, टोपीत. भ.भाऊ दुसऱ्या बाजूले, नवा ढोल. आल्या आल्या त्यांनीच सांगतलं, प्रफुलकडं आला की बंद, आज शेवटचं. वरची ओळ भरली आहे. तो पाऊचवाला बी आहे.

हाफटाइम. शून्य-शून्य. हात घामेजला, शाई फिसकटून राहिली. ह्यांनी विचारलं, बरोबरीच ठेवायची तर सगळे गोलसमोर काहून उभे नाही राहत? कोचले विचारा म्हटलं.

प्रफुल आपल्याकडं आला. टॉवेल जाळीले लटकवला. वर पाहिलं. मी वही दाखवली. त्याले काय समजलं काय नाही, पण मान हलवली.

पेनल्टी नाही दिली, देवाची कृपा. समोरचे जोरात आहे.

एक वाचवला. काय वाचवला. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, तेवढं चालते.

वरच्या ओळीनं धरलं. उचल गा, उचल गा. माझाच हेल. भ.भाऊंचा ढोल बंद. ह्यांनी माझ्या दंडाले धरलं आहे. जोरात.

थोडाच वेळ उरला. सर घड्याळ नाही पाहून राहिले, प्रफुलकडं पाहून राहिले.

चेंडू मागं आला. प्रफुलच्या पायात. दोघं धावून राहिले त्याच्याकडं, दोन बाजूंनी. डावीकडचा आपला डिफेंडर मोकळा. दिसते का त्याले? वरून सारे ओरडून राहिले. मान वर केली त्यानं. माझ्याकडं पाहून राहिला.

उचल गा उचल गा उचल गा

लिहिलं. बोलली नाही. तो अजून पाहून राहिला